बोलणारा संगणक आणि त्याचा कळफलक

संगणकावर काम करणाऱ्या डोळस माणसाला ‘शॉर्टकट’ हा शब्द चांगला परिचयाचा असतो. मजकुराची नक्कल करावयाची असेल तर माऊसने यादी उघडून तीतील योग्य शब्दावर टिचकी मारता येते, अथवा कंट्रोल आणि सी या दोन कळा एकदम दाबल्या तरी तेच काम होते. दुसऱ्या पद्धतीने थोडा वेळ वाचतो आणि हात कळफलकावरून उचलावा लागत नाही, इतकेच. ती येत नसली म्हणून कोणाचे अडत नाही. दृष्टिहीन माणसाच्या बाबतीत मात्र हा शब्द फसवा ठरतो. माऊस सरकवला की पडद्यावरील बाण सरकतो, परंतु तो कोठे जाऊन थांबला हे डोळ्यांनीच पाहावे लागते. म्हणून इतरांना जी जवळची वाट म्हणून दाखवली जाते, तीच दृष्टिहीनाची नित्याची वाट होय. आणि ती पुरती माहीत नसेल तर संगणकासमोर बसूनही त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी ताटकळत राहावे लागते.

कळ दाबून अक्षर उमटवण्याच्या कल्पनेचा आणि अंधत्वाचा संबंध तसा जुना आहे. इटलीत १८०८ च्या सुमारास पेलेग्रिनो तुर्री याने आपल्या परिचयातील एका अंध सरदारस्त्रीसाठी लेखनयंत्र बनवले होते. ते यंत्र नष्ट झाले, परंतु तिने त्यावर लिहिलेली काही पत्रे आजही जतन केलेली आहेत. पुढे कार्यालयांतून टंकलेखन यंत्रे आली, आणि भारतातही अंधांना टंकलेखन शिकवले जाऊ लागले. त्या यंत्राला एक मोठी मर्यादा होती. अंध टंकलेखक पत्र वेगाने व अचूक लिहू शके, पण आपण काय लिहिले ते त्याला स्वतःला वाचता येत नसे. एखादे अक्षर चुकले, किंवा फितीतील शाई संपून कागद कोराच बाहेर पडला, तर ते सांगण्यास शेजारचा माणूस लागे. संगणक बोलू लागला तेव्हा ही उणीव भरून निघाली.

संगणकाला बोलते करणाऱ्या आज्ञावलीला ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. पडदावाचक असा तिचा मराठी अर्थ होईल. या नावामुळे असा समज होतो की ती आज्ञावली पडद्यावरील चित्र पाहते आणि त्यातील अक्षरे ओळखून वाचते. वस्तुस्थिती तशी नाही. १९८० नंतरच्या दशकातील संगणकांच्या पडद्यावर बहुधा २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे एवढाच मजकूर असे, आणि तो संगणकाच्या स्मृतीत अक्षरांच्याच रूपाने साठवलेला असे. तेथून तो उचलून कृत्रिम आवाज निर्माण करणाऱ्या यंत्रणेकडे सोपवणे हे तुलनेने सरळ काम होते. विंडोजसारख्या चित्रमय प्रणाली आल्या आणि हा सरळपणा संपला. आता पडद्यावर चित्रे, चौकटी व बटणे आली. नोकरीत स्थिर झालेल्या अनेक अंध कर्मचाऱ्यांच्या पायाखालची जमीन त्या काळात सरकली. अमेरिकेत टेड हेन्टर या अभियंत्याने, ज्याची दृष्टी १९७८ मध्ये मोटार अपघातात गेली होती, जुन्या डॉस प्रणालीसाठी १९८९ मध्ये ‘जॉज’ नावाची पडदावाचक आज्ञावली बाजारात आणली होती. तिची विंडोजसाठीची आवृत्ती १९९५ मध्ये निघाली. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने अशी व्यवस्था केली की पडद्यावरील प्रत्येक वस्तूने आपले नाव, आपला प्रकार आणि आपली स्थिती विचारणाऱ्यास सांगावी. ‘जतन करा, बटण’ किंवा ‘अटी मान्य, चौकट, खूण केलेली नाही’ असे जे कानी पडते ते या प्रश्नोत्तरांतून आलेले असते. ज्या आज्ञावलीने आपल्या बटणाचे नाव कोठेच नोंदवलेले नाही तिच्याविषयी पडदावाचक काहीच सांगू शकत नाही, मग ते बटण पडद्यावर कितीही ठळक रंगवलेले असो. ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे येणाऱ्या निम्म्याअधिक अडचणींचे मूळ येथेच आहे.

जॉजच्या परवान्याची किंमत सामान्य भारतीय विद्यार्थ्याच्या आवाक्यातील नव्हती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ या आज्ञावलीच्या लेखनास आरंभ केला. पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. ही आज्ञावली विनामूल्य आहे, आणि तिची मूळ संहिता कोणालाही पाहता येते. २०११ च्या जनगणनेत सुमारे ५० लाख लोकांनी दृष्टिदोषाची नोंद केली, अशा देशात या विनामूल्यपणाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. या प्रकरणातील उदाहरणे मुख्यतः याच आज्ञावलीतून घेतली आहेत.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळू. कळफलकाच्या मधल्या ओळीत एफ आणि जे या दोन कळांवर बारीकशी उंचवट्याची रेघ असते. डोळस माणसाच्या ती सहसा लक्षातही येत नाही. दृष्टिहीनाचे सारे मोजमाप मात्र तेथून सुरू होते: दोन्ही तर्जनी त्या रेघांवर ठेवल्या की बाकीच्या कळांची जागा बोटांच्या पल्ल्यावरून ठरते. उजवीकडच्या अंकफलकावर पाचच्या कळेवर अशीच खूण असते. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि एक या कळा एकत्र दाबल्या की संगणक शिकवणीच्या अवस्थेत जातो. मग कोणतीही कळ दाबावी, तिचे काम होत नाही, फक्त तिचे नाव आणि तिचा उपयोग ऐकू येतो. या अवस्थेत काहीही बिघडत नाही. नवशिक्याने पहिले काही दिवस येथेच मनसोक्त भटकावे. आज्ञांची छापील यादी पाठ करून घेणारे शिक्षक आजही आढळतात, परंतु यादी पाठ असूनही बोटाला कळ सापडत नसेल तर त्या पाठांतराचा काय उपयोग?

पहिली आज्ञा कोणती शिकवावी? पुष्कळदा वाचन सुरू करण्याची आज्ञा आधी शिकवली जाते. खरे तर गप्प करण्याची आज्ञा आधी हवी. एकदा कंट्रोल कळ दाबली की आवाज थांबतो. जो संगणक आपल्या इच्छेने थांबवता येत नाही त्याच्यापुढे शिकणारा माणूस बावरून जातो. शब्दांचा लोंढा कानावर कोसळत असता विचार करणे अशक्य होते. आवाज थांबवता येऊ लागला की भीती निम्मी होते, आणि मग वाचनाचा वेग हळूहळू वाढवता येतो. अनुभवी दृष्टिहीन माणूस इतक्या वेगाने ऐकतो की शेजारी बसलेल्या डोळस माणसाला त्यातील एकही शब्द उमजत नाही.

या शिक्षणातला खरा कठीण भाग कळांची संख्या हा नाही. आपण दाबलेली कळ कोणाला उद्देशून आहे, हे ओळखणे कठीण असते. संगणकात एकाच वेळी तिघे कान देऊन बसलेले असतात. विंडोज ही मूळ प्रणाली, तिच्यावर चालणारी कामाची आज्ञावली, उदाहरणार्थ मजकूर लिहिण्याची, आणि तिसरी पडदावाचक. ऑल्ट आणि टॅब दाबून एका कामातून दुसऱ्या कामात जाता येते; ही आज्ञा विंडोजसाठी आहे. कंट्रोल आणि एस दाबून लिहिलेला मजकूर जतन होतो. ती लेखनाच्या आज्ञावलीसाठी आहे. इन्सर्ट आणि टी दाबल्यावर ‘आपण कोठे आहोत’ याचे उत्तर म्हणून वरचा मथळा वाचला जातो. ती पडदावाचकासाठी आहे. पडदावाचक दारावरच्या पहारेकऱ्यासारखा सर्वांत पुढे उभा असतो. प्रत्येक कळ आधी त्याच्याकडे येते. आपल्यासाठी असेल ती तो ठेवून घेतो आणि बाकीच्या आत सोडतो. म्हणूनच त्याच्या बहुतेक आज्ञा एका विशिष्ट कळेबरोबर दाबाव्या लागतात. ती कळ म्हणजे इन्सर्ट, अथवा लहान संगणकांवर कॅप्स लॉक.

महाजालावरील पाने वाचताना मात्र हा पहारेकरी साध्या अक्षरांच्या कळाही ठेवून घेतो. एच दाबले की पुढचे शीर्षक, के दाबले की पुढचा दुवा, टी दाबले की पुढचे कोष्टक. शिफ्ट जोडले की हीच पावले उलट दिशेने पडतात. मोठ्या पानावर ही सोय अमोल आहे. डोळस माणूस वर्तमानपत्रावरून नजर फिरवतो तशी दृष्टिहीन माणूस एच या एका कळेने मथळ्यांवरून फिरू शकतो. अडचण येते ती लिहिण्याच्या वेळी. समजा, एक विद्यार्थिनी परीक्षेचा अर्ज भरत आहे आणि तिला ‘कमल’ हे नाव रोमन अक्षरांत लिहावयाचे आहे. ती के दाबते आणि पुढच्या दुव्यावर जाऊन पडते. एल दाबते तो एखाद्या यादीत शिरते. तिला वाटते, कळफलक बिघडला. प्रत्यक्षात पडदावाचक अजून वाचनाच्या अवस्थेत आहे. रकान्यावर एंटर दाबले, अथवा इन्सर्ट आणि स्पेस दाबून अवस्था बदलली, की तीच अक्षरे रकान्यात उमटू लागतात, आणि एस्केपने सामान्यतः पुन्हा वाचनाकडे परतता येते. अवस्था बदलताना एक लहानसा ध्वनी होतो. दोन अवस्थांचे दोन ध्वनी निरनिराळे आहेत, आणि ते ओळखणे हा या शिक्षणातील एक स्वतंत्र पाठ मानावयास हवा. दुर्दैवाने तो क्वचितच शिकवला जातो.

एवढे कळले म्हणजे आज्ञांमागील व्याकरणही दिसू लागते. डाव्या-उजव्या बाणाने एक अक्षर पुढे-मागे जाता येते, त्याच बाणाला कंट्रोल जोडले की एक शब्द; होम कळेने ओळीचा आरंभ, कंट्रोल जोडले की साऱ्या मजकुराचा आरंभ. म्हणजे कंट्रोल पाऊल मोठे करते आणि शिफ्ट, बाणांबरोबर असेल तेव्हा, मागे सोडलेला मजकूर निवडत जाते. हे नियम सर्वत्र बिनचूक लागू पडतात असे नाही. भाषेच्या व्याकरणाला अपवाद असतात तसे येथेही आहेत. परंतु ज्याला नियम कळला त्याला शंभर आज्ञा पाठ करण्याचे कारण उरत नाही. काही रचना तर बोटांच्या सोयीनेच झाल्या आहेत. मागे फिरवणे, कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे यांसाठीची झेड, एक्स, सी, व्ही ही अक्षरे खालच्या ओळीत एकमेकांना लागून आहेत. यांपैकी कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे ही पद्धत १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. त्यांच्या डोळ्यांपुढे दृष्टिहीन माणूस नव्हता, तरी त्यालाही तिचा लाभ झाला.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे शिकावयाचे त्याकडे येऊ. समजा, बँकेच्या एका शाखेत एक दृष्टिहीन लिपिक काम करीत आहे. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी एक टक्का जागा राखून ठेवल्या, २०१६ च्या कायद्यानेही ती तरतूद कायम ठेवली. त्यामुळे असा लिपिक आता दुर्मिळ राहिलेला नाही. खिडकीपाशी ग्राहकांची रांग आहे आणि अचानक त्याचा संगणक गप्प होतो. डोळस कर्मचाऱ्याचा संगणक अडला तर निदान पडद्यावर काहीतरी दिसत असते. तांबडी चौकट, फिरणारे चक्र, सूचनेचे वाक्य. येथे सूचना देणारा आवाजच गेलेला असतो. काय बिघडले हे विचारण्याचे साधन आणि बिघडलेली वस्तू ही एकच होऊन बसली आहेत. अशा वेळी तो लिपिक हाक मारून कोणाला तरी बोलावतो, की स्वतः शोध घेतो, यावर कचेरीतील त्याची किंमत ठरते. हे बरोबर नाही, पण घडते असेच.

शोध घेण्याची पद्धत वैद्याच्या तपासणीसारखी आहे: कोणता अवयव निकामी झाला ते एकेक वगळत जाऊन ठरवावयाचे. सर्वांत आधी यंत्र जिवंत आहे की नाही ते पाहावे. विंडोजमध्ये अशी एक सोय आहे की ती चालू केलेली असेल तर कॅप्स लॉक वा नम लॉक दाबताच टक्कन ध्वनी होतो. कळ लागू झाली तर उंच स्वराचा, सुटली तर खालच्या स्वराचा. दिव्याकडे पाहू न शकणाऱ्याने ही सोय पहिल्याच दिवशी चालू करून ठेवावी. तो ध्वनी आला तर यंत्र चालू आहे आणि आवाजाची वाटही मोकळी आहे. म्हणजे दोष पडदावाचकात किंवा समोरच्या कामात. ध्वनी आला नाही तर आधी आवाजाचा शोध. कित्येकदा कारण अगदी क्षुल्लक निघते. कोणी तरी ध्वनीची पातळी शून्यावर नेलेली असते, किंवा मेजाखालील खिळ उपटलेली असते, किंवा खिशातील बिनतारी कर्णफोन आपण होऊन संगणकाशी जोडला जाऊन सारा आवाज त्यात गेलेला असतो. याकरिता यूएसबीची खिळ असलेला साधा कर्णफोन खणात ठेवणे शहाणपणाचे. अशा कर्णफोनची ध्वनियंत्रणा त्याच्यातच असल्याने संगणकाची स्वतःची बिघडली असली तरी तो बहुधा बोलतो.

आवाजाची वाट मोकळी असेल तर ऑल्ट आणि टॅब दाबून दुसऱ्या कामात जावे. तेथे संगणक बोलू लागला तर पडदावाचक ठीक आहे. पहिलेच काम अडकून पडले आहे. थोडे थांबून पाहावे, आणि तरीही ते सुटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळांनी चालू कामांची यादी उघडते, तीत त्या कामावर जाऊन डिलीट दाबले की ते बंद पडते. जतन न केलेले लेखन अर्थातच गमवावे लागते. याहून चमत्कारिक एक शक्यता आहे. एनव्हीडीएमध्ये एखाद्या कामापुरते झोपून राहण्याची अवस्था असते. इन्सर्ट, शिफ्ट आणि एस या कळा चुकून एकदम दाबल्या गेल्या की तेवढ्याच आज्ञावलीत तो मौन धरतो आणि बाकी सर्वत्र बोलत राहतो. त्याच कळा पुन्हा दाबल्या की जागा होतो. नुसते इन्सर्ट आणि एस दाबले तर बोलण्याची पद्धतच बदलते: एकदा पूर्ण मौन, एकदा नुसते टिकटिक ध्वनी, एकदा नेहमीचे वाचन. लहान संगणकावर इन्सर्टचे काम कॅप्स लॉककडे दिलेले असते आणि एस ही कळ त्याच्यापासून एका अक्षराच्या अंतरावर आहे. जतन करावयास गेलेले बोट कंट्रोलऐवजी कॅप्स लॉकवर पडले की मजकूर जतन होत नाही आणि आवाज मात्र जातो. ही चूक न केलेला विद्यार्थी विरळा.

कोणत्याच कामात बोलणे ऐकू येत नसेल तर पडदावाचक नव्याने सुरू करावा. कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबल्यावर एनव्हीडीए पुन्हा सुरू होतो आणि सुरू होताना एक छोटी सुरावट वाजवतो. सुरावट वाजली आणि शब्द आले नाहीत, तर आज्ञावली जागी असून आवाज निर्माण करणारा भाग तेवढा निकामी झाला, असा निष्कर्ष काढता येतो. सुरावटही वाजली नाही तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबावे. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत या कळांनी ‘नॅरेटर’ हा त्या प्रणालीचाच पडदावाचक बोलू लागतो. तो नेहमी वापरावयाचा नसला तरी त्याच्या मदतीने वाट काढता येते. प्रवासात दुसरी काठी बरोबर ठेवावी तसा तो आहे. शेवटचा उपाय म्हणजे यंत्र बंद करून पुन्हा चालू करणे. हा उपाय पहिला करणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्याने काम भागतेही, परंतु दोष कोठे होता हे कधीच कळत नाही आणि उद्या तो पुन्हा उद्भवतो.

कळफलक मुका झाल्यासारखा वाटतो त्याचेही एक ठरलेले कारण आहे. उजव्या बाजूची शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली की विंडोज एक सोय देऊ करते. हात थरथरणाऱ्या लोकांसाठी ती आहे. ती लागू झाली म्हणजे ओझरते दाबलेले अक्षर मोजलेच जात नाही. विचार करीत हात शिफ्टवर टेकवून बसलेल्या माणसाकडून ती नकळत चालू होते, आणि मग त्याच्या भराभर चालणाऱ्या बोटांना संगणक जुमानेनासा होतो. एका अपंगत्वासाठी केलेली सोय दुसऱ्याच्या वाटेत अशी आडवी येते. उजवी शिफ्ट पुन्हा आठ सेकंद धरली की ती निघून जाते.

भारतीय भाषांत काम करणाऱ्यांपुढे आणखी एक मौन येते, आणि ते या सर्वांहून गोंधळात टाकणारे असते. काही इंग्रजी आवाजांना देवनागरी अक्षरे उच्चारताच येत नाहीत. अशा आवाजाने मराठी पत्र वाचावयास घेतले तर ओळीमागून ओळ निःशब्द जाते. ओळ खरोखरच कोरी असेल तर पडदावाचक तसे सांगतो; येथे तो काहीच सांगत नाही. हा फरक कानाला जाणवला की उमजावे, मजकूर आहे, पण आवाज बदलावयास हवा. याच्या उलट प्रकार जुन्या कागदपत्रांत घडतो. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती १९९१ पासून अस्तित्वात आहे, तरी आपल्याकडे कचेऱ्यांतून व छापखान्यांतून दीर्घकाळ कृतिदेवसारखे टंक वापरले गेले. त्यांत पडद्यावर दिसते देवनागरी, परंतु आत साठवलेली असतात रोमन अक्षरे. डोळ्यांना ‘भारत’ असा शब्द दिसतो. पडदावाचकाला तेथे एच, के, के, जे, आर अशी अक्षरे सापडतात आणि तो इमानाने तीच ऐकवतो. परिपत्रकाची पानेच्या पाने अशी अर्थहीन अक्षरांत ऐकावी लागतात. नवशिक्या बिचारा आपला संगणक दुरुस्तीस नेतो. यावर कोणतीही कळ चालत नाही. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हाच उपाय आहे. कागदाचे छायाचित्र काढून धाडलेल्या पत्राची गोष्ट थोडी वेगळी. त्यात अक्षरे नसतातच, फक्त चित्र असते. तेथे इन्सर्ट आणि आर दाबून चित्रातील अक्षरे ओळखून घेण्याचा प्रयत्न करता येतो.

देवनागरी लिहिण्याबाबत मात्र दृष्टिहीनाला अनुकूल अशी एक रचना उपलब्ध आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाण मानलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकात स्वर डाव्या हाताखाली आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात. के या कळेवर क आहे आणि शिफ्टबरोबर तीच कळ ख देते; उंचवट्याची रेघ असलेल्या एफवर ऱ्हस्व वेलांटी आणि जेवर र. क ची ही जागा बंगालीत, गुजरातीत, कन्नडमध्येही तीच राहते. ज्याने एका भाषेत बोटे बसवली त्याला दुसरी भाषा लिहिताना नवा फलक शिकावा लागत नाही. तरीही पुष्कळजण रोमन अक्षरांतून मराठी लिहिणे पसंत करतात.

सगळे उपाय करूनही काही अडथळे हटत नाहीत. बटणावर जाताच नुसते ‘बटण’ एवढेच ऐकू येते, कारण ते कशाचे हे कोणी नोंदवलेले नाही. चित्रातील वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहा, असे पान म्हणते आणि तेथे ऐकण्याचा पर्याय नसतो. सरकारी संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी मार्गदर्शक नियम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बँकांच्या ओळखपडताळणीत डोळे मिचकावून दाखवण्यासारख्या अटींमुळे अडलेल्या अर्जदारांच्या प्रकरणात, अशा सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. निकाल आणि त्याची अंमलबजावणी यांत आपल्याकडे किती अंतर असते, हे वाचकांस ठाऊक आहे.

तेव्हा दोष आपला की पानाचा, हे ठरवता आले पाहिजे. तेच पान दुसऱ्या न्याहाळकात उघडून पाहावे, नंतर दुसऱ्या पडदावाचकाने वाचून पाहावे. दोन्हीकडे तेच बटण निनावी राहिले तर दोष पानाचाच असण्याचा संभव फार. मग तक्रार करावयाची, आणि तीही अशी की ती टाळता येऊ नये. ‘तुमचे संकेतस्थळ अंधांना चालत नाही’ या वाक्याला शिष्ट उत्तर मिळते आणि प्रकरण मिटते. त्याऐवजी कोणते पान, कोणता न्याहाळक, कोणता पडदावाचक, कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या, काय ऐकू यावयास हवे होते आणि काय ऐकू आले, हे क्रमवार लिहावे. उदाहरणार्थ: ‘रक्कम लिहिल्यानंतर टॅब तीनदा दाबली; तिसऱ्या वेळी केवळ “बटण” ऐकू आले; एंटर दाबल्यावर व्यवहार रद्द झाला.’ असे वाचून आज्ञावली लिहिणारा माणूस स्वतः त्याच कळा दाबून पाहू शकतो.

दुरुस्तीसाठी येणाऱ्या तंत्रज्ञाशी बोलतानाही हीच भाषा उपयोगी पडते, कारण तो बहुधा ‘वरच्या हिरव्या खुणेवर टिचकी मारा’ असे सांगतो आणि ती खूण टॅबच्या कितव्या पावलावर आहे हे त्यालाही सांगता येत नाही. एनव्हीडीएमध्ये पडदा पूर्ण काळा करण्याची एक सोय आहे. आपले पत्र पाठीमागून कोणी वाचू नये, म्हणून दृष्टिहीन लोक ती वापरतात. ती चालू असताना एखादा तंत्रज्ञ आला तर तो काळा पडदा पाहून आधी त्याच्या तारा तपासू लागतो, मग वीजजोडणी पाहतो, आणि तेवढ्या वेळात शेजारी बसलेल्या माणसाचे पत्र लिहून पूर्ण झालेले असते.